एडक्याची टक्कर

९ फेब्रुवारी २०१६, मंगळवार

ही डायरी खताच्या दुकानातून अप्पाला, म्हणजे माझ्या बापाला, फुकट आली. कव्हरवर हिरवंगार शेत हाय. उदगीर तालुक्यात या साली एवढं हिरवं दुसरीकडं कुठंच न्हाई, म्हणून म्या ठिवून घेतली. कोणी चोरून वाचत असंल तर त्याच्या घागरीला भोक पडो.

मी मन्मथ. घरी मन्मथा, कॉलेजात मन्या. बी.ए. दुसरं वर्ष, ते बी दुसऱ्यांदा.

आज चंद्रप्पा सरनं मैदानावर बोलवलं. सर म्हणजे आमचे खेळाचे मास्तर. मला वाटलं कॉलेजच्या घंटीचा टोला म्या लपवला ते कळलं. पण सरच्या पुढं एक मोठं खोकं व्हतं, आन् खोक्यात हेल्मेट. गाडीवरचं न्हाई, तोंडापुढं जाळी असलेलं. उंदराच्या पिंजऱ्यात मुंडकं घातल्यासारखं दिसतंय.

सर म्हणले, "पोरांनो, एक मेला उदगीर जिल्हा होणार."

मी म्हणलं, "सर, मागच्या एक मेला बी तुमी हेच..."

"गप बस. जिल्हा झाला की एकेका खेळाचा जिल्हा सचिव लागतो. कबड्डी, खोखो, कुस्ती, सगळ्या खुर्च्या लोकांनी आताच दस्ती-रुमाल टाकून धरल्यात. म्हणून आपण असा खेळ घेतलाय की कोणालाच माहीत न्हाई. अमेरिकन फुटबॉल!"

बॉल हाय खारीक फुगवल्यासारखा. पायानं मारायचा लई कमी, बगलंत धरून पळायचं. समोरच्यानं आडवं पाडायचं. सर सगळं मोबाईलवर बघून शिकले.

भीमाला म्याच ओढून नेलं. भीमा माझा पाचवीपासूनचा दोस्त. रोज सकाळी देगलूर रोडला पळतो, पोलीस भरतीसाठी. भरती एप्रिलमधी लातूरला हाय. पळायला त्याच्यासारखा आमच्या भागात कोणी न्हाई, पण लेखीत दोनदा थोडक्यात राहिला. सर त्याला म्हणले, "नांदेडच्या मॅचला राज्याचे लोक बघायला येणार. राज्याच्या टीममधी निवड झाली की खेळाडू कोट्यात नंबर लागतो, भीमा."

भीमा म्हणला, "सर, कोटा मिळत असंल तर मी विहिरीत बी पळतो. तसं बी पाणी कुठंय?"

मला सेंटर केलं. म्हणजे वाकून बसायचं आन् बॉल दोन पायांतून मागं आमच्या वर्गातल्या व्यंकटला द्यायचा; म्होरं कोणाला द्यायचा ते तो ठरवणार. म्या बॉल दिल्याबिगर खेळ सुरूच होत न्हाई. सर म्हणले, "डोक्याचं काम न्हाई म्हणून तुला दिलं."

२० फेब्रुवारी, शनिवार

आज शिक्षा झाली. टँकर नऊला येणार म्हणून बायांनी पहाटंच घागरींची लाईन लावल्ती. म्या सगळे हेल्मेट आणून लाईनच्या म्होरं ओळीनं ठिवले. टँकर आला. नागुबाई म्हातारी म्होरं आली, हेल्मेटाकडं बघितलं आन् म्हणली, "ह्या मुंडक्यांचे मालक कुठं हायत? त्यांना बी जाळीतून पाणी पाजते." आन् लाथ घातली. हेल्मेट गडगडत मारुतीच्या पारापर्यंत गेलं. सगळ्या बाया हसल्या. सर न्हाई हसले. सगळ्या टीमला मैदानाच्या चकरा मारायला लावल्या.

मैदान म्हणजे काळी माती. या साली अशा भेगा पडल्यात की पाय गुडघ्यापर्यंत जातो. आमी मुरूम टाकून बुजवल्या, पण पडलं की दगडावर पडल्यासारखं होतं. त्याच भेगांत दोन जणांच्या घोट्यांचं वाटोळं झालं. आता बरोबर अकराच पोरं राहिलेत. बारावा कोणीच न्हाई.

समोरच्याला पाडायचं कसं, ते मोबाईलवर सरला नीट समजलं न्हाई. पण सरच्या मामानं जत्रेतल्या टकरीसाठी एडके पाळलेत. सर म्हणले, "एडका काय करतो? चार पावलं मागं येतो, मान खाली घालतो आन् डोकं देतो. हात मागनं. आधी डोकं!" मग जोड्या लावून आमच्या टकरी. खाड, खाड. भीमाची टक्कर सगळ्यात भारी. आवाज कॉलेजच्या कौलांपर्यंत जातो. सर टाळ्या वाजवतेत, "शाब्बास माझ्या एडक्या!"

मी टकरीच्या टायमाला बुटाची लेस बांधत बसतो. माझी लेस सारखी सुटते.

६ मार्च, रविवार

अर्धापूरला पहिली मॅच. जिंकली! रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा जळलेल्या, पानं बिड्यांच्या रंगाची. आमी मात्र जीपच्या टपावर बोंबलत आलो.

भीमानं दोनदा बॉल पार नेला. तिसऱ्यांदा त्यांचं एक दांडगं पोरगं समोर आलं. भीमानं मान खाली घातली. खाड! दोघं बी आडवे. ते पोरगं उठलं. भीमा जरासक पडूनच राहिला. सर पळत गेले, पाठ थोपटली, तसा उठला. उठला आन् सरळ जाऊन अर्धापूरवाल्यांच्या लाईनीत उभा राहिला!

आमी हसून हसून लोळलो. त्यांच्या पोरांनी बी त्याला धरून आमच्याकडं आणून सोडलं, "घ्या, तुमचा नवरदेव." पाचवीपासून एक विनोद केला न्हाई लेकानं, आन् केला तर असा.

येताना जीपमधी म्या विचारलं, "भीम्या, तिकडं का गेल्तास रे?"

म्हणला, "कुठं?"

कसला पक्का हाय! चेहरा जरा बी हलला न्हाई.

८ मार्च, मंगळवार

भीमा कॉलेजला आला न्हाई म्हणून घरी गेलो. काल दोनदा उलटी झाली. खोलीत अंधार करून पडल्ता. मी दार उघडलं तर डोळ्यांवर हात घेतला, "लाव, लाव, ऊन घुसून राहिलं डोळ्यात."

पार्वतीमावशी, म्हणजे त्याची माय, म्हणली, "ऊन लागलंय बाबा त्याला. दुपारी दुपारी पळवता तुमी. पाणी न्हाई पोटाला." तिनं कांदा फोडून डोक्याला बांधल्ता आन् काशाच्या वाटीनं तळपाय घासून राहिली व्हती. वाटी काळी झाली. मावशी म्हणली, "बग, किती ऊन निघालं."

मी माझा गॉगल दिला त्याला. कांदा आन् गॉगल. म्हणलं, "भीम्या, हिरो दिसून राहिलास, भजे तळायच्या गाड्यावरचा."

हसला. मग हसणं थांबवून डोकं दाबून धरलं.

१३ मार्च, रविवार

हदगाव. हे बी जिंकलो! सर एवढे खुश की जीपवाल्याला म्हणले, "बघा, जिल्हा व्हायच्या आधी आमचा खेळ जिल्ह्याचा झाला."

भीमा पहिल्यासारखा पळला. पण मधीच एकदा बॉल घेऊन उलट्या दिशेनं निघाला, आपल्याच बाजूला. व्यंकटनं पळत जाऊन पाडलं त्याला. म्होरच्या टायमाला भीमानं अशी टक्कर दिली की हदगावचा पोरगा बाहेर गेला. भीमा उभा राहिला, हात वर केले, आन् मग खाली बसून ओकला. सर म्हणले, "ऊन हाय. तोंडावर पाणी मारा." पाणी व्हतं थोडंच, सगळ्यांच्या बाटलीतलं एकेक झाकण मारलं.

येताना मला तो 'व्यंकट' म्हणला. दोनदा. व्यंकट कसा काटकुळा, मी कसा. आता मला कळलंय. हेल्मेट लाईनीत ठिवले तवा त्याला बी चकरा माराव्या लागल्त्या, त्याचा बदला घेऊन राहिला. मला येडं बनवून राहिला. शिकला लेक माझ्याकडूनच. ठीक हाय, मी बी मन्मथ हाय.

१५ मार्च, मंगळवार

लिहायला नको वाटून राहिलं.

आज म्या भीमापुढं एक थाप फेकली. देगलूर रोडच्या पुलावर बसल्तो. म्या तोंड पाडून म्हणलं, "भीम्या, आइकलं का? भरती रद्द झाली. दुष्काळ हाय म्हणून या साली घेतच न्हाईत."

मला वाटलं, लगेच मानगूट धरंल. भीमाला माझं फेकलेलं कधीच पटत न्हाई. मी तोंड उघडायच्या आधी 'फेकू नको' म्हणतो तो. पण आज तो बघतच राहिला. ओठ थरथरले. मग गुडघ्यात मुंडकं घालून रडला. "मायला काय सांगू रे," म्हणला, "मायला काय सांगू."

मी घाबरलो. म्हणलं, "अरे मजाक केला, येड्या. भरती हाय. एकवीस एप्रिलला हाय." तवा त्यानं मला एक ठिवून दिली, आन् आमी दोघं बी हसलो. चहा पिलो. सायकल घेऊन परत आलो. कॉलेजच्या दारात म्या उगंच, खोड जात न्हाई म्हणून, तेच परत म्हणलं, "भीम्या, आइकलं का? भरती रद्द झाली."

तो थांबला. ओठ थरथरले. तिथंच सायकलच्या दांडीला धरून रडायला लागला. "मायला काय सांगू रे," म्हणला.

तेच. तसंच. जसं पहिल्यांदाच आइकलं.

असा मजाक कोणालाच येत न्हाई. मला बी न्हाई.

१८ मार्च, शुक्रवार

सरकडं गेलो. म्हणलं, "सर, भीमाच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. आत्ता सांगितलेलं आत्ता विसरतो. त्याला परवा खेळवू नका. दवाखान्यात न्या."

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणले, "मन्मथ, मागच्या साली माईकवरून 'चंद्रप्पा सर वारले' म्हणून सांगून कॉलेजला सुट्टी कोणी दिली?"

"म्या, सर. पण ते..."

"माझी सासू हार घेऊन आल्ती. निलंग्याहून."

"सर, आईशप्पत, हा मजाक न्हाई."

"नांदेडला राज्याचे लोक येऊन राहिलेत. अकरा पोरं हायत माझ्याकडं. एक कमी झाला की टीमच न्हाई. तालमीत पोरं दिवसातून दहादा आपटतेत, घेरी येते, वस्ताद पाठ थोपटतो, उठतेत. जा, लेस बांध."

व्यंकटला सांगितलं. तो म्हणला, "या वेळी मी हसणार न्हाई मन्या, जुना झाला तू." पार्वतीमावशीला सांगितलं. ती म्हणली, "आता बरंय रे त्याला, उतरलं ऊन. तोच म्हणतो बरंय." आव्वाला, म्हणजे माझ्या मायला सांगितलं, ती म्हणली, "मन्मथा, माणसाच्या दुखण्यावर हसू नये." हसून राहिलो व्हतो का मी?

शेवटी भीमालाच म्हणलं, "खेळू नको. माझं एवढं आइक."

तो म्हणला, "डोकं दुखतं, मला कळतं. नांदेड झालं की झोपतो आठ दिवस. कोटा लागला तर लेखीत थोडं कमी पडलं तरी चालतंय."

"आन् मेला तर?"

"तुला काय होतं बोलायला? नापास झालास तर तुझ्या बापाचं दुकान हाय, गादीवर बसशील. मला दुसरं काय हाय, सांग. माय किती दिवस दुसऱ्याच्या रानात खुरपंल? आता तर रानात खुरपायला बी काही न्हाई."

म्या खाली वाकून लेस बांधली. सुटली नव्हती तरी.

२१ मार्च, सोमवार. नांदेड, दवाखाना

कालचं लिहितो. हात थांबत न्हाई, बसून तरी काय करू?

विष्णुपुरीकडच्या एका मैदानावर मॅच व्हती. हिरवं गवत! भीमानं खाली वाकून हात लावून बघितला. एका बाजूला मंडप, मंडपात राज्याचे तीन लोक, टोप्या घालून. सरनं इस्त्रीचा सदरा घातल्ता.

सुरुवातीलाच त्यांचे पोरं भीमावर धावून आले. त्यांना कळल्तं, हाच पळतो. एकदा त्याची मान पार मागं वळली. तो उठला, पण एक पाय ओढत माझ्या मागं येऊन उभा राहिला. व्यंकटनं ठरवलं, बॉल परत भीमाला. सर बाहेरून वरडून राहिले व्हते, "डोकं दे भीमा, डोकं!"

मी वाकलो. बॉल हातात घेतला. समोर त्यांचा सांडासारखा पोरगा भीमाकडं बघून मान खाली घालून तयार व्हता. व्यंकट म्हणला, "दे."

म्या न्हाई दिला.

"मन्या, दे की!"

मी बॉल खाली ठिवला आन् त्याच्यावर बसलो.

पंचानं शिट्टी मारली. आमाला पाच यार्ड मागं केलं. मी बॉल घेऊन मागं गेलो आन् परत बसलो. परत शिट्टी, परत पाच. नांदेडची पोरं पोट धरून हसून राहिली, "काय रे, अंडं उबवून राहिला का? कधी निघंल पिल्लू?" पंच म्हणला, आता बाहेर काढीन. मी म्हणलं, "काढा की! आमच्यात बारावा न्हाई. मी गेलो की मॅच खतम." व्यंकटनं कमरंत लाथ घातली. मी बॉल पोटाशी धरून मांडी घालून बसलो. सर चप्पल हातात घेऊन मैदानात आले. "नालायका! आज बी? आज बी तुला तमाशाच सुचला? त्या लोकांपुढं माझी इज्जत..."

मी म्हणलं, "मारा सर. पण बॉल देत न्हाई. त्याला भायेर काढा, मग देतो."

सरनं मारली. दोन बसल्या. तेवढ्यात मागनं भीमा आला. त्यानं माझ्या हेल्मेटची जाळी धरून तोंड वर केलं. एवढा रागात म्या त्याला कधी बघितला न्हाई. "ऊठ मन्या! पाया पडतो, ऊठ. सगळे हदगाववाले हसून राहिलेत आपल्याला!"

व्यंकट सरकडं बघू लागला.

सरची चप्पल वरच राहिली. मग खाली आली. सर हळू आवाजात म्हणले, "भीमा, बाळा, आपण कुठं आलोत?"

"हदगावला, सर."

"अर्धापूरची मॅच कधी झाली?"

भीमानं विचार केला. लई वेळ केला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, परीक्षेत बघतो तसं, की मन्या सांगंल म्हणून. मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. एक बुबुळ लहान व्हतं आन् एक मोठं.

सरनं स्वतःच्या हातानं त्याचं हेल्मेट काढलं. पट्टा लवकर सुटंना. मंडपातला एक माणूस उठून म्हणला, "मॅच सोडून देऊन राहिलात का, सर?" सरनं तिकडं बघितलं बी न्हाई. भीमाला दोन्ही हातांवर उचललं आन् जीपकडं पळाले. इस्त्रीच्या सदऱ्यावर भीमा ओकला. सर पळतच राहिले.

डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला. आत रक्त साचलंय. थोडं हाय, बिगर ऑपरेशनचं जिरंल म्हणला, बघू. कधीपासून होतंय विचारलं. म्या अर्धापूरपासूनचं सगळं सांगितलं, लाईनीत जाऊन उभा राहिला ते बी. डॉक्टर म्हणला, "आणखी एक धक्का बसला असता तर..." आन् मान खाली घालून कागदावर लिहीत राहिला.

पार्वतीमावशी दुपारच्या एसटीनं आली. तिला सगळं सांगितल्यावर ती एवढंच म्हणली, "कांदा बांधला व्हता की रे म्या." पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. सर उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

पळायचं न्हाई. तीन महिने, कदाचित सहा. डॉक्टरला म्या एकवीस एप्रिलचं विचारलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की परत विचारलं न्हाई.

२ एप्रिल, शनिवार

भीमा घरी आला. रक्त जिरून राहिलंय. मी गेलो तर मावशीनं दार उघडलं, मागनं भीमाचा आवाज आला, "त्याला म्हणावं जा."

त्याला नांदेडचं काहीच आठवत न्हाई. गवत बी न्हाई. त्याला लोकांनी जेवढं सांगितलं तेवढंच माहीत. मन्या बॉलवर बसला, राज्याचे लोक निघून गेले, कोटा गेला. वर डॉक्टरनं भरतीला पळायचं न्हाई म्हणलं. सगळं त्यानं माझ्याच नावावर टाकलंय. मी दारातूनच वरडलो, "तू मेला असतास येड्या!"

आतून म्हणला, "फेकू नको."

सरनं हेल्मेट स्टोअरमधी टाकून कुलूप लावलं. मैदानावर येऊन उगंच उभे राहतेत. मुरमाकडं बघत. मी समोर दिसलो की दुसऱ्या वाटंनं जातेत.

२१ एप्रिल, गुरुवार. लातूर

सकाळच्या एसटीला भीमा दिसला. बॅग, बूट हातात. आज भरती. मावशीला सांगितलं व्हतं का न्हाई, कोण जाणे. मी बी चढलो. तो म्होरच्या सीटवर, मी मागच्या. लातूर येईपर्यंत तो खिडकीतून बाहेर, मी त्याच्या मानंकडं.

लातुरात सगळीकडं पाण्याचीच बोलणी, रेल्वेनं आलं, किती आलं, कोणाला मिळालं. पोलीस ग्राऊंडवर मात्र हजारो पोरं, कोणी पाण्याचं बोलंना. मला आत सोडलं न्हाई. तारेच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली बसलो. भीमा आत गेला. उंची झाली, छाती झाली, छातीवर नंबर लागला. सोळाशे मीटरच्या लाईनीत उभा राहिला. ऊन तापल्तं.

मी तारेला दोन्ही हातांनी धरलं. इथं बॉल न्हाई की मी बसलो की सगळं थांबंल. लाईन म्होरं सरकली. त्याच्या आधीची टोळी पळाली. त्याची टोळी रेषेवर आली. त्यानं बूट बांधले, उभा राहिला, डावा पाय म्होरं घेतला. साहेबानं शिट्टी तोंडात धरली.

भीमानं डोक्याला हात लावला. जरासक. मग पाय मागं घेतला. साहेबाला काहीतरी म्हणला, नंबर काढून त्याच्या हातात दिला, आन् बाहेर आला. कोणी अडवलं न्हाई. शिट्टी झाली, बाकीचे पळाले.

तो येऊन माझ्या शेजारी बसला. बघितलं न्हाई माझ्याकडं. चार चकरा व्हत्या. पहिल्या चकरीत एक लाल बनियन लई म्होरं निघालं. भीमा म्हणला, "ते मरंल. पहिल्याच चकरीत सगळं हाणलंय." मग म्हणला, "ते निळं बघ, सहावं. श्वास नाकानं घेऊन राहिलं. ते येतंय पहिलं. त्याच्या मागं ते अनवाणी."

तिसऱ्या चकरीला लाल बनियन पोटाला धरून चालू लागलं. चौथ्या चकरीला निळं म्होरं आलं, मागं अनवाणी. तसेच आले रेषेवर, एक आन् दोन.

म्या म्हणलं, "भीम्या! बरोबर! सगळं बरोबर!" मला नाचावं वाटलं. डोकं ठिकाणावर हाय त्याचं, पूर्ण ठिकाणावर हाय.

त्यानं तारेतून त्या निळ्याकडं बघितलं. साहेब त्याचं नाव लिहून घेऊन राहिले व्हते. मग भीमा रडायला लागला. पुलावर रडला तसा न्हाई. आवाज न्हाई, नुसते खांदे.

मला चार मजाक सुचले. एक बी केला न्हाई. बसून राहिलो, तो उठंस्तोवर.